मोहभंग कुणाच्या वाट्याला येतो?



जुन्या सिनेसृष्टीतली स्वप्नं आणि त्यांचा मोहभंग, तोही कथा-कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी दाखवलेला, असा आजचा विषय आहे. हा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ‘कागज़ के फूल’चं. मीही तिथूनच सुरुवात करते. मला तो सिनेमा आवडतो, आणि माझी तक्रारही तिथूनच सुरू होते.

१९५९ सालचा हा सिनेमा. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, व्ही. के. मूर्तींचं छायाचित्रण, स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारा तो प्रसिद्ध उजेडाचा झोत. सुरेश सिन्हा हा नावाजलेला दिग्दर्शक. त्याची सासुरवाडी ‘सर’ किताबवाली, सिनेमाच्या धंद्याला हलकं समजणारी. बायको वेगळी राहते, मुलीला भेटू देत नाही. मग शांती त्याच्या आयुष्यात येते, नटी म्हणून मोठी होते, आणि सुरेश दारूत बुडत खाली खाली जातो. गुरुदत्तचा हा सिनेमा चालला नाही आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्याने आपलं नाव पडद्यावर लावलं नाही. त्यामुळे पडद्यावरचा मोहभंग आणि पडद्यामागचा मोहभंग एकमेकांत मिसळून गेले, आणि आज आपण तो सिनेमा बघताना दोघांसाठी एकदमच हळहळतो.

त्यात शेवटाकडे एक प्रसंग आहे. सुरेश इतका खाली आलाय की त्याच स्टुडिओत तो एक्स्ट्रा म्हणून उभा राहतो. शांती आता मोठी नटी आहे. तिने विणलेला स्वेटर त्याच्या अंगावर आहे, त्यावरून ती त्याला ओळखते, आणि तो तोंड लपवून पळत सुटतो. थिएटरात इथे लोकांचे डोळे भरून येतात. माझेही आले होते. पण पुन्हा बघितला तेव्हा मी सुरेशच्या आजूबाजूला बघत होते. त्याच्या शेजारी आणखी एक्स्ट्रा उभे आहेत. ते तिथे कुठून पडून आलेले नाहीत. ते पहिल्यापासून तिथेच आहेत, उद्याही तिथेच असतील, रोजाच्या हिशोबाने. माणूस एक्स्ट्रांच्या रांगेत येऊन उभा राहिला हीच शोकांतिका, असं सिनेमा मानतो. त्या रांगेत जन्म काढणाऱ्यांची गोष्ट कुठे आहे, हे विचारावं असं त्याला वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की मोहभंग व्हायला आधी मोह धरायची मुभा लागते. वरून पडायला आधी कुणीतरी वर चढू द्यावं लागतं. आपण घरातले पहिले पदवीधर आहोत, आपल्याला हे पटकन कळतं. कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आपल्या घरी जो आनंद झाला, तो ज्यांच्या तीन पिढ्या तिथे शिकल्या त्यांच्या घरी तसा झाला नसेल. आणि पुढे त्या संस्थेने जे दाखवायचं ते दाखवलं, तेव्हा आपला जो मोहभंग झाला त्याला ‘कागज़ के फूल’चं संगीत नव्हतं.

आता मंटो. मंटोने मुंबईच्या स्टुडिओंत नोकरी केली, सिनेमे लिहिले आणि १९४८च्या सुरुवातीला तो पाकिस्तानात गेला. त्याच्या फिल्मी कथांमध्ये ‘मेरा नाम राधा है’ ही मला सगळ्यात तिखट वाटते. कथा सांगणारा स्टुडिओतला मुन्शी आहे, म्हणजे पगारी लेखनिक. तो हिरोच्या शेजारी बसतो, पण हिरो नाही. राजकिशोर नावाचा देखणा नट आहे, खादी घालणारा, चारित्र्याचं प्रदर्शन मांडणारा, प्रत्येक नटीला बहीण म्हणणारा. आणि नीलम आहे. ती बनारसच्या वस्तीतून आलेली, खरं नाव राधा. ते नाव का वापरत नाहीस, असं विचारल्यावर तिच्या उत्तराचा अर्थ असा होतो की हे नाव इतकं गोड आहे की सिनेमात खर्चायला नको. सिनेमात सगळं विकलं जातं, म्हणून एक वस्तू तिने घरी ठेवली आहे. सगळी कथा राजकिशोरच्या ‘बहीण’ म्हणण्याभोवती फिरते. तो शब्द ऐकला की नीलमला घृणा का येते, हे मंटोने इतकं नीट दाखवलंय की वाचून झाल्यावर सभ्य माणसांची थोडी भीतीच वाटायला लागते. हा मोहभंगच आहे, पण नीलमचा नव्हे. तिला पहिल्यापासून सगळं दिसत होतं. मोहभंग होतो तो वाचणाऱ्याचा.

नावं बदलणं हा त्या धंद्याचा रिवाजच होता. युसुफ खानचे दिलीपकुमार झाले. रतन साळगावकरच्या हंसा वाडकर झाल्या. बाजारात काय चालेल याचा हिशोब त्यामागे होता. आपल्या लोकांना नाव बदलण्याचा दुसराही हिशोब माहीत आहे. गावाचं नाव आडनाव म्हणून लावणं, अर्जावर फक्त वडिलांचं नाव लिहिणं, खोली भाड्याने घेताना पुढचा प्रश्न येण्याआधीच विषय बदलणं. हे दोन्ही हिशोब एकाच बाईच्या आयुष्यात आले, तिच्याविषयी मला आज सविस्तर बोलायचंय.

तिचं नाव राजम्मा. त्रावणकोर संस्थानातल्या तिरुवनंतपुरमजवळची, पुलया समाजातली. गवत कापायचं काम करायची आणि काक्करिशी नाटकात काम करायची. काक्करिशी हा तिकडचा लोकनाट्याचा प्रकार, गाणी आणि सोंगं असलेला. जे. सी. डॅनियल नावाचा नाडार ख्रिस्ती तरुण होता. त्याने जमीन विकून स्टुडिओ उभा केला आणि ‘विगतकुमारन’ नावाचा मूकपट काढला. केरळातला हा पहिला चित्रपट. नायिकेसाठी मुंबईहून नटी बोलावली होती, ते जमलं नाही. मग राजम्माला घेतलं. ती रोझी झाली. आज आपण तिला पी. के. रोझी म्हणून ओळखतो. तिला भूमिका मिळाली ती सरोजिनीची, एका नायर बाईची.

आता काळ लक्षात घ्या. ‘विगतकुमारन’ १९२८ला लागला की १९३०ला, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, पण दोन्ही तारखा १९३६च्या आधीच्या आहेत, म्हणजे त्रावणकोरच्या मंदिरप्रवेशाच्या फर्मानाच्या आधीच्या. याच पुलया समाजातल्या अय्यंकाळींनी १८९३मध्ये बैलगाडीतून सार्वजनिक रस्त्यावरून फिरून दाखवलं होतं, कारण रस्ताही आपला नव्हता. पुलया बायकांनी दगडी मण्यांच्याच माळा घालायच्या, असा दंडक होता. त्या माळा १९१५मध्ये पेरिनाडच्या सभेत बायकांनी तोडून टाकल्या. कल्लुमाला आंदोलन म्हणतात त्याला. गळ्यात काय घालायचं यासाठी ज्या समाजाच्या बायकांना लढावं लागलं, त्याच समाजातली एक बाई पंधराएक वर्षांत नायर बाईचे कपडे आणि दागिने घालून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. पोशाख हा तिथे नुसता पोशाख नव्हता.

तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात खेळ लागला. रोझीला आत बसू दिलं नाही. ती आत असेल तर आम्ही येणार नाही, असं बड्या पाहुण्यांनी सांगितलं, अशी हकिगत आहे. आत पडद्यावर नायक तिच्या केसातलं फूल काढून त्याचं चुंबन घेतो, हे बघून सवर्ण प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड आले. पुढे तिचं घर जाळलं. ती एका लॉरीतून तमिळनाडूकडे पळाली. डॅनियलचं दिवाळं निघालं. तो दातांचा डॉक्टर झाला आणि १९७५मध्ये जवळजवळ अनोळखी माणूस म्हणून वारला.

ही गोष्ट विस्मरणातून बाहेर काढायला चेलंगाट गोपालकृष्णन, कुन्नुकुळी एस. मणी अशा लोकांनी कष्ट घेतले. विनू अब्राहम यांनी ‘नष्टनायिका’ ही कादंबरी लिहिली. ‘नष्ट’ म्हणजे हरवलेली. तिच्यावर आणि गोपालकृष्णन यांनी लिहिलेल्या डॅनियलच्या चरित्रावर कमल यांनी २०१३मध्ये ‘सेल्युलॉइड’ हा सिनेमा काढला. डॅनियल झाला पृथ्वीराज, रोझी झाली चांदनी गीता. सिनेमा गाजला, त्याला पुरस्कार मिळाले, आणि आजच्या पुष्कळ मलयाळी पोरांना रोझी हे नाव कळलं ते या सिनेमामुळे. हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

पण बघा काय होतं. स्वप्न डॅनियलचं आहे, तेही अगदी मोठं, डोळ्यांत चमक असलेलं. रोझीला मात्र स्वतःचं असं स्वप्न नाही. तिला संधी मिळते. ती बुजते, खाली बघते, खुर्चीवर बसायला कचरते, आणि डॅनियल उदारपणे तिला माणूस म्हणून वागवतो. अरे, ही बाई नाटकात काम करत होती! लोकांपुढे उभं राहून सोंग वठवायची, गाण्याला ताल धरायची. त्या काळच्या समाजाला न जुमानता रंगावर उभी राहणारी बाई किती भित्री असेल? कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं तर अंगात काहीतरी हिंमत, काहीतरी हौस, थोडा गर्वही लागतो. कथा तिला हौस देत नाही, बिचारेपण देते. आणि कॅपिटॉलची दंगल झाली की ती कथेतून जाते. पुढचा सगळा सिनेमा डॅनियलच्या उपेक्षेचा आहे. सरकारने त्याला मान दिला नाही, तो तमिळनाडूत राहत होता म्हणून मदत नाकारली, वगैरे. शेवटी सन्मान होतो तेव्हा मंचावर डॅनियलचा मुलगा येतो आणि लहानपणी आपण खेळता खेळता त्या सिनेमाची रिळं जाळली, हे सांगतो. फार हलवणारा प्रसंग आहे. पण तो मुलगा डॅनियलचा आहे. रोझीच्या मुलांसाठी मंचावर खुर्ची ठेवलेली नाही. दलित समीक्षकांनी हे तेव्हाच लिहिलं होतं, आणि मला ते बरोबर वाटतं. केरळ सरकारचा सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार १९९२पासून जे. सी. डॅनियलच्या नावाने आहे. रोझीच्या नावाने गुगलने १० फेब्रुवारी २०२३ला एका दिवसापुरतं चित्र लावलं. तिच्या नावाने फिल्म सोसायटी काढली ती मलयाळम सिनेमातल्या बायकांच्या संघटनेने, आणि महोत्सव भरवला तो पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने चेन्नईत. म्हणजे आपणच.

डॅनियललाही जातीने मारलं, हे मी नाकारत नाही. नाडारांनी त्या भागात काय सोसलंय हे ठाऊक असलेला माणूस त्याच्याबद्दल हलकं बोलणार नाही. पण एकाच दगडाने दोघांची डोकी फुटली आणि कथेने पट्टी एकाच्या डोक्याला बांधली, हे तर दिसतंय ना?

त्या दगडावर थोडं थांबते. अमेरिकेत १९३९मध्ये नथॅनियल वेस्ट याने हॉलिवूडवर ‘द डे ऑफ द लोकस्ट’ ही कादंबरी लिहिली. तो स्वतः छोट्या स्टुडिओंसाठी पटकथा लिहून पोट भरायचा. वयाच्या सदतिसाव्या वर्षी अपघातात गेला. कादंबरी त्याच्या हयातीत फारशी खपली नाही, नंतर तिचं महत्त्व लोकांना कळलं. तिच्यात हॉलिवूडचे मोठे लोक जवळपास नाहीतच. आहेत ते सेट रंगवणारे, एक्स्ट्रा, म्हातारा विदूषक, आणि बाहेरगावाहून आलेली ती हजारो माणसं, जी आयुष्यभर पैसा साठवून कॅलिफोर्नियाच्या उन्हाकडे आली आणि तिथे करायला काहीच नाही हे बघून आतून कडवट झाली. शेवटी एका सिनेमाच्या पहिल्या खेळाला थिएटरबाहेर नट-नट्या बघायला गर्दी जमते, आणि त्या गर्दीची दंगल होते. वेस्टचं निदान असं की स्वप्न विकलं, माल दिला नाही, म्हणून गिऱ्हाईक खवळलं.

मोहभंगावरच्या पुस्तकांच्या कुठल्याही यादीत ही कादंबरी असते, आणि ती वाचताना मला कॅपिटॉल आठवतं. दोन्हीकडे पहिला खेळ, दोन्हीकडे दंगल. पण वेस्टची गर्दी बाहेर रस्त्यावर उभी आहे, तिला आत शिरायला मिळालेलं नाही. तिरुवनंतपुरमची गर्दी आत होती, तिकीट काढून, पुढच्या खुर्च्यांवर. तिला कुणी फसवलं नव्हतं. सिनेमाने जे द्यायचं ते दिलं होतं, एक सुंदर बाई, फूल, प्रेम. फक्त ती बाई कोण आहे हे लोकांना ठाऊक होतं. बाहेर उभी होती ती रोझी, जिला खरोखर फसवलं गेलं होतं, आणि तिच्या हातात दगड नव्हता. हॉलिवूडच्या कादंबरीचं तत्त्वज्ञान जसंच्या तसं आपल्याकडे आणलं तर इथेच गाडी रुळावरून उतरते. आपल्याकडची दंगल बरेचदा स्वप्न मोडलेल्यांनी केलेली नसते. दुसऱ्याने स्वप्न बघितलं म्हणून ती होते.

(‘सेल्युलॉइड’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ मुंबईच्या महोत्सवात दाखवला गेला. शेवटी जब्या दगड भिरकावतो, आणि तो थेट आपल्या अंगावर येतो. दगड पहिल्यांदा पडद्याकडून प्रेक्षकांकडे आला. हा योगायोगच, पण मला तो आवडतो.)

आता मुंबईकडे येते. ‘भूमिका’, १९७७, श्याम बेनेगल, स्मिता पाटील. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला. तुमच्यातल्या मराठी वाचणाऱ्यांनी मूळ पुस्तक वाचावं असं मी म्हणेन, ते सिनेमापेक्षा उघडं आहे. सिनेमातली उषा गाणाऱ्या कलावंत घरातली. आजीकडून गाणं मिळालेलं. घरात पैसा नाही, म्हणून केशव दळवी नावाचा माणूस तिला लहानपणीच स्टुडिओत नेतो, पुढे तोच नवरा होतो आणि तिच्याच कमाईवर जगतो. सिनेमा हे उषाचं स्वप्न कधी नव्हतंच. ती मजुरी होती, चांगल्या रोजाची. स्वप्न होतं ते सिनेमा सोडून गृहिणी होण्याचं, अब्रूदार घरात सून म्हणून वावरण्याचं. ते तिला काळेच्या वाड्यात मिळतंही. मुलगा, सासू, स्वयंपाकघर, मान, सगळं. आणि मग कळतं की त्या वाड्याच्या बाहेर पाय टाकायची परवानगी नाही. मोहभंग होतो तो कुलीन घराचा. ‘कागज़ के फूल’मध्ये सिनेमाने घर मोडलं म्हणून रडायचं. इथे घर मिळालं हीच कैद.

हे उलटं का दिसतं, याचं उत्तर इतिहासात आहे. १९१३मध्ये फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी एक बाई मिळाली नाही. तारामती झाले अण्णा साळुंके, उपाहारगृहातले स्वयंपाकी. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये परेश मोकाशींनी हे मोठ्या मजेत दाखवलंय. मग जेव्हा बायका आल्या तेव्हा त्यांतल्या पुष्कळ जणी गाण्या-नाचण्याच्या परंपरेतल्या घरांतून आल्या, कारण लोकांपुढे येण्याची किंमत त्या घरांनी आधीच मोजली होती. धंदा त्यांनी उभा केला. पुढे पैसा दिसू लागला, बोलपट आले, आणि १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे आल्या, सारस्वत घरातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण सिनेमाच्या इतिहासात त्या प्रसंगाचं वर्णन कसं येतं? सिनेमाला प्रतिष्ठा आली, असं येतं. म्हणजे आधीच्या बायका वीस वर्षं काय करत होत्या? आपल्याकडे एखादं खातं, एखादा व्यवसाय ‘सुधारला’ असं कुणी म्हणालं, की आधी तिथे कोण होतं आणि आता ते कुठे गेले, हे विचारायची सवय ठेवा.

पुन्हा रोझीकडे येते, कारण तिची गोष्ट कॅपिटॉलला संपली नाही. ती फक्त लिहिली गेली नाही. ती ज्या लॉरीतून पळाली, त्या लॉरीच्या चालकाशी तिने लग्न केलं असं सांगतात. तो केशव पिल्लै, म्हणजे नायरच. ती नागरकोइलला राहिली, राजम्माळ या नावाने. मुलांना आईच्या सिनेमाबद्दल जवळजवळ काही ठाऊक नव्हतं. म्हणजे बघा, पडद्यावर काही मिनिटं नायर बाई झाली म्हणून तिचं घर जाळलं, आणि पुढची कितीतरी वर्षं ती एका पिल्लैची बायको म्हणून जगली, रोज, चोवीस तास, शेजारपाजारच्या डोळ्यांसमोर. ‘विगतकुमारन’ची प्रत आज उरलेली नाही, तिचा म्हणून खात्रीचा फोटोही नाही. तिचं काम आपल्याला कधीच बघता येणार नाही. पण तेवढी वर्षं निभावलेली ही दुसरी भूमिका, तिच्याबद्दल एकाही दिग्दर्शकाला कुतूहल वाटलेलं मला दिसलं नाही.

त्या वर्षांत नागरकोइलमध्येही थिएटरं होती. तमिळ बोलपट लागत असतील, गल्लीतल्या बायका मिळून जात असतील, आणि तिलाही बोलवत असतील, चल गं, म्हणून. ती जायची का? गेली तर कुठल्या रांगेत बसायची? शेजारची बाई पडद्यावरच्या नटीकडे बोट दाखवून, असल्या बायका कुठून येतात कोण जाणे, म्हणाली, तर राजम्माळ काय म्हणत असेल?

माझ्याकडे याचं उत्तर नाही. आता तुम्ही बोला.